केजन म्हणजे गावाचं नाव का जातीचं?

दिवाळीत देगलूरला घरी गेलो होतो. सुट्टीला वर्क फ्रॉम होमचे चार दिवस जोडले, त्यामुळे चांगला आठवडाभर राहिलो. तिसऱ्या दिवशी फराळाचा कंटाळा आला आणि मी जाहीर केलं, आज स्वयंपाक माझा. पुण्याच्या फ्लॅटवर मी जे नेहमी करतो ते: केजन चिकन पास्ता, एकाच पातेल्यात.

तुमच्यापैकी अनेकांनी हा पदार्थ केला असेल, निदान त्याचं रील तरी सेव्ह करून ठेवलं असेल. तरी माझी पद्धत सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

चारशे ग्रॅम चिकन, शक्यतो मांडीचं. त्याला तिखट, लसूण पावडर, मिरपूड, मीठ, ओरेगॅनो आणि थाइम चोळून ठेवायचं. मूळ मसाल्यात पॅप्रिका आणि केयेन मिरची असते. मी काश्मिरी मिरची आणि घरचं तिखट मिसळून वापरतो. ओरेगॅनो पिझ्झाबरोबर आलेल्या पुड्यांमधला. चिकन तेलात दोन्ही बाजूंनी चांगलं लाल करून बाजूला काढायचं. पातेल्याच्या तळाला जे चिकटलेलं राहतं ते धुवायचं नाही, सगळी चव तिथे असते. त्यावरच कांदा आणि ढोबळी मिरची परतायची. खरं तर तिसरी भाजी सेलरी. ती देगलूरच्या बाजारात कुठून मिळणार, म्हणून मी कोथिंबिरीच्या काड्या बारीक चिरून घातल्या. मग टोमॅटो, अडीचशे ग्रॅम पेन्ने आणि साधारण पाऊण लिटर गरम पाणी. चिकन परत आत. झाकण ठेवून बारा-तेरा मिनिटं, मध्ये दोनदा हलवायचं. शेवटी थोडी साय.

यातली युक्ती पाण्यात आहे. पास्ता वेगळा उकडला की आपण पाणी ओततो आणि त्याबरोबर पास्त्यातला स्टार्च मोरीत जातो. एकाच पातेल्यात शिजवला की तो स्टार्च रश्श्यातच राहतो आणि रस्सा आपोआप दाटतो.

आई गॅसजवळ उभी राहून बघत होती. "काय शिजवलालास रे एवढा वेळ?" मग चमच्यानं रस्सा उचलून बघितला. "येसूर न घालता दाट कसा झाला?" मी स्टार्चचं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे शेंगोळ्यासारखंच की." मग ताट वाढताना तिनं सहज विचारलं, "केजन म्हणजे काय? गावाचं नाव आहे का जातीचं?"

मला माहीत नव्हतं. तीनेक वर्षं मी हा पदार्थ करतोय, लोकांना खाऊ घालतोय आणि त्याच्या नावाचा अर्थ मी एकदाही शोधला नव्हता.

आईच्या दोन्ही वाक्यांवर मी त्या रात्री बराच वेळ घालवला. आधी शेंगोळे. कुळथाच्या किंवा ज्वारीच्या पिठाच्या हातानं वळलेल्या वळकट्या लसूण-तिखटाच्या उकळत्या पाण्यात सोडायच्या. त्या त्याच पाण्यात शिजतात आणि पिठानं पाणी दाटतं. तत्त्व तंतोतंत तेच. वरणफळांचंही तेच. म्हणजे 'वन पॉट पास्ता' आमच्या घरात माझ्या आधीपासून होता, फक्त त्याला पास्ता म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

आणि येसूर. मराठवाड्याबाहेरच्यांसाठी: ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ यांतलं घरात जे असेल ते आणि खडा मसाला कोरडा भाजायचा आणि दळून ठेवायचा. आमटीत, मटणाच्या रश्श्यात दोन चमचे पाण्यात कालवून सोडायचा. लग्नातली येसराची आमटी सगळ्या जातींत होते, त्यामुळे हा काही एका वस्तीचा पदार्थ नाही. केजन स्वयंपाकात याच कामाला 'रू' असतो: चरबीत किंवा तेलात मैदा मंद आचेवर हलवत राहायचं, पार चॉकलेटी होईपर्यंत. दोन्हीकडे भाजलेलं पीठ, दोन्हीकडे काम एकच: थोडं मटण पुष्कळ तोंडांना पुरवणं. फरक एवढाच की रू करायला वाटीभर चरबी लागते आणि येसराला लागत नाही. हा फरक मला आधी किरकोळ वाटला होता. तो तसा नाही, हे मला पुढे एका पुस्तकामुळे कळलं.

त्याआधी आईच्या प्रश्नाचं उत्तर.

केजन हा 'अकेडियन' या शब्दाचा घासून बारीक झालेला उच्चार. आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या भागाला फ्रेंच लोक अकेडी म्हणत. तिथल्या फ्रेंच शेतकऱ्यांना ब्रिटिशांनी १७५५ पासून हाकलून लावलं, घरं जाळली, कुटुंबं जहाजांत कोंबून पांगवली. त्यातले काही फिरत फिरत लुइझियानाच्या दलदलीत पोचले आणि तिथेच राहिले. भात, मासे, डुक्कर, जे मिळेल ते एका भांड्यात. डुक्कर कापायचं ते सगळ्या शेजाऱ्यांनी मिळून, त्याला 'बुशरी' म्हणतात. त्यात काही वाया घालवायचं नाही: कातडीचे कुरकुरीत तुकडे, आतड्यात भरलेलं सारण, रक्ताचं सॉसेजसुद्धा.

'केजन' हा शब्द बराच काळ हिणवायला वापरला जाई: गरीब, अडाणी, इंग्रजी न येणारा. लुइझियानाच्या १९२१ च्या राज्यघटनेनं शाळेत इंग्रजी सक्तीची केली आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. १९६८ मध्ये त्याच राज्यानं फ्रेंच जपण्यासाठी सरकारी मंडळ काढलं. मग आला पॉल प्रूडोम, कुळानं शेती करणाऱ्याचा मुलगा, तेरा भावंडांतला धाकटा. त्यानं १९७९ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये रेस्टॉरंट काढलं, १९८४ मध्ये पुस्तक लिहिलं. तव्यावर मसाला काळा करून भाजलेला त्याचा रेडफिश मासा इतका गाजला, की अमेरिकाभर सगळे तेच करू लागले आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात त्या माशाच्या मासेमारीवर बंधनं घालावी लागली. प्रूडोमनं स्वतःचे तयार मसालेही विकले. आज पुण्यातल्या सुपरमार्केटमध्ये 'केजन' लिहिलेली बाटली मिळते, ती या गोष्टीचं शेवटचं टोक.

म्हणजे आईला उत्तर असं: आधी गावाचं नाव होतं, मग जातीसारखं झालं, मग मसाल्याचं झालं.

अजून एक गोष्ट या उत्तरात यायला हवी. केजन लोक गोरे. त्यांच्या स्वयंपाकात गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी माणसांचं खूप काही आहे. 'गंबो' हे रश्श्याचं नाव आफ्रिकी भाषांतल्या भेंडीच्या नावावरून आलं असं मानतात. रस्सा दाट करायला वापरतात ती ससाफ्रासच्या पानांची पूड तिथल्या मूळ रहिवाशांची. बाटलीवर या दोघांचं नाव नाही. गरिबांचं अन्न प्रतिष्ठित होतं तेव्हाही सगळ्याच गरिबांना त्यात जागा मिळत नाही.

आता पुस्तकाकडे येतो. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग या दोन समाजांच्या खाण्याचं हे पुस्तक. २०२४ मध्ये भूषण कोरगांवकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद हार्परकॉलिन्सनं काढला आणि त्यानंतर त्याची चर्चा बरीच वाढली. मीही इंग्रजी आवृत्तीची बातमी वाचूनच मराठी पुस्तक मागवलं, हे कबूल करतो. दोन वर्षं ते कपाटात होतं. केजनवर रात्र घालवल्यावर ते पहिल्यांदा नीट वाचलं.

यात पाककृती आहेत, पण पुस्तक पाककृतींचं नाही. पाटोळे आधी भांडतात. सात्त्विक, राजस, तामस ही अन्नाची उतरंड कुठून आली, धर्मग्रंथांत आणि संतसाहित्यात खाण्याबद्दल काय म्हटलंय, आणि मराठी पाकपुस्तकांत आणि टीव्हीवरच्या कार्यक्रमांत ज्याला 'महाराष्ट्रीय जेवण' म्हणतात त्यात कोण नाही. जेवणाआधीच्या श्लोकातल्या 'पूर्णब्रह्मा'ला त्यांनी फक्त एक 'अ' लावला आहे. या एका अक्षरात पुस्तकाचा दावा आहे: ज्यांच्या ताटात कधीच पुरेसं नव्हतं, त्यांना पूर्णब्रह्म म्हणायला लावू नका.

त्यातले पदार्थ बघा. रक्ती, वजडी, चान्या. आणि जे नाही ते बघा: तेल, तूप, दूध जवळपास नाहीच. इथे मला येसूर आणि रू यांच्यातला फरक परत आठवला. हद्दपार झालेल्या गरीब केजन माणसाकडेही स्वतःचं डुक्कर होतं, म्हणून चरबी होती. ज्या घरात वाटीभर चरबी पिठावर खर्च करता येत नाही, तिथे पीठ कोरडंच भाजावं लागतं. येसराचा उगम असाच झाला असं मी म्हणत नाही, तो सगळ्यांचाच आहे. पण पाटोळ्यांनी लिहिलेल्या घरांत त्याच्या मटणाला फोडणी का नसायची, हे मला तेव्हा कळलं. कृतीत जे लिहिलेलं नसतं तेही वाचायचं असतं, हे हे पुस्तक शिकवतं.

कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' १९७० ची. आमच्याही घरी तिची एक जुनी प्रत आहे, आई नोकरीला लागल्यावर घेतलेली. 'रुचिरा'नं वाटी-चमच्याची मापं दिली आणि माहेरी न शिकलेल्या मुलींनाही स्वयंपाक करता आला, हे मोठंच काम. पण वाटीचं माप द्यायचं तर डब्यात वाटीभर जिन्नस आहे हे धरून चालावं लागतं. पाटोळे अशा घरांबद्दल लिहितात जिथे डब्याचाच भरवसा नाही. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला हवीत असं मला वाटतं. एकाला खोटं ठरवायचं नाही, पण दोन्ही मराठी स्वयंपाकघरंच आहेत हे दिसेल.

आता मी कुठून वाचतोय तेही सांगायला हवं. आमचं घर बौद्ध, म्हणजे पूर्वाश्रमीचे महार. आजीच्या लहानपणी अंगणात दोरीवर चान्या वाळत असत, हे ती सांगायची, पण आवाज खाली करून. माझ्या लहानपणी घरी रविवारी मटण असायचं आणि शाळेतला एखादा मित्र अचानक आला की आई पातेल्यावर परात पालथी घालायची. पुस्तक वाचताना मला दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, आपल्या घरचे शब्द छापलेले बघण्याचा आनंद. दुसरी, कुणीतरी ती परात उचलली अशी भीती.

आईला पुस्तक दाखवलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, चाळून बघितलं, चार पानं नीट वाचली, आणि म्हणाली, "बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते तुम्ही लोक छापायलाव. कामून?"

हा आक्षेप हलका नाही. मार्च १९२७ च्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं आवाहन केलं होतं. आजीच्या पिढीनं ते मनावर घेतलं, चान्या बंद झाल्या, आणि त्यात त्यांचा स्वाभिमान होता. त्यांच्या नातवानं तो पदार्थ 'हेरिटेज' म्हणून परत आणणं हा त्यांचा अपमान ठरू शकतो. मला वाटतं, पुस्तकाचं मराठी नावच याचं उत्तर देतं. 'अपूर्ण' म्हणणारा माणूस गौरव करत नाही, हिशोब मांडतो. आम्ही हे खात होतो, कारण तुम्ही आम्हाला दुसरं मिळू दिलं नाहीत. आणि त्यातूनही चव काढली. या दोन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग असं लिही. चवीचंच नको लिहू."

माझी तक्रार आहे ती इंग्रजी नावाबद्दल. अनुवादाचं नाव 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा'. विक्रीच्या दृष्टीनं ते समजू शकतो; परदेशातल्या वाचकाला 'पूर्णब्रह्म' माहीतच नाही, तर त्यातल्या 'अ'चं काय. पण नावातलं भांडण गेलं आणि लेबल आलं. मराठी नाव प्रस्थापित ताटाकडे बोट दाखवतं, इंग्रजी नाव आमच्याकडे. लेबलचं पुढे काय होतं ते केजनच्या गोष्टीत दिसतंच: पदार्थ प्रवास करतो, हाकललेली माणसं मागे राहतात, आणि शेवटी देगलूरचा एक मुलगा तीन वर्षं केजन पास्ता करतो आणि त्याला काहीच माहीत नसतं. आतलं पुस्तक लेबलला पुरून उरतं, कारण ते नुसत्या कृती काढून नेऊ देत नाही. पण त्यातल्या दोन-चार कृती उचलून कुणी 'पॉप-अप' जेवण ठेवलं तर त्या लेबलचा तेवढाच उपयोग होईल.

आणि एका बाबतीत हे पुस्तक केजन होऊच शकत नाही. ते आलं त्याच वर्षी, मार्च २०१५ मध्ये, महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यातल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि गायीबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे पुस्तकातलं काही जेवण आता इथे फक्त वाचता येतं. लुइझियानाची बुशरी आज पर्यटक बघायला जातात. आमच्या चान्यांसमोर तो मार्गही नाही, आणि आईच्या मते नसलेलाच बरा.

मग मी केजन पास्ता सोडायचा का? नाही. चांगला लागतो, अर्ध्या तासात होतो आणि भांडं एकच घासावं लागतं. शिवाय ज्या लोकांचं नाव त्याला आहे त्यांना मी आता थोडं ओळखतो. पण तो मी का निवडला होता, हे मला आता नीट कळतं. पुण्यातल्या पहिल्या फ्लॅटवर घरमालकानं 'नॉनव्हेज चालणार नाही' असं सांगितलं होतं. दुसऱ्या ठिकाणी चालायचं, पण वास आला की जिन्यात कुणीतरी विचारायचंच. 'केजन पास्ता' म्हटलं की प्रश्न संपत. ओरेगॅनोच्या वासातलं चिकन कुणाला खटकत नसे. ऑफिसच्या पॉटलकलाही मी तेच नेलं. तिथे एकीनं विचारलं, तुमच्या मराठवाड्यात काय स्पेशल असतं? मी म्हणालो, काही विशेष नाही, भाकरी-पिठलं. हजारो मैलांवरच्या हाकललेल्या लोकांचं नाव मी परातीसारखं माझ्या पातेल्यावर पालथं घातलं होतं.

परत येताना आईनं येसराचा डबा दिला. पहिल्याच रविवारी मी तो उकळत्या मटणात थेट टाकला आणि सगळ्या गुठळ्या झाल्या. फोन केला. ती म्हणाली, गार पाण्यात आधी कालव, मग सोड, आणि हलवत राहा. दुसऱ्या वेळी जमलं. पास्त्यात मात्र घालू नका, मी करून बघितलंय. स्टार्च आणि येसूर मिळून लापशी होते.

पुढच्या महिन्यात पुन्हा पॉटलक आहे. त्याची शीट आली आहे: नाव, पदार्थ, व्हेज की नॉनव्हेज, आणि शेवटचा रकाना, कुठलं क्विझिन. मागच्या वेळी त्यात मी 'केजन' लिहिलं होतं. या वेळी पदार्थ लिहिला 'येसूर घातलेलं मटण' आणि शेवटच्या रकान्यात 'देगलूर'. आईच्या प्रश्नातलं गावाचं नाव तेवढं झालं. दुसरं नाव मी इथे लिहिलं आहे. शीटमध्ये अजून नाही.